अनुभव धागा: ‘दि ऑप्टिमिस्ट्स डॉटर’ वाचून तुम्ही कुणाच्या बाजूचे?

अमेरिकन लेखिका युडोरा वेल्टी यांची ही छोटीशी कादंबरी १९७२ ची, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. मिसिसिपीतल्या एका गावचे वृद्ध न्यायाधीश मॅकेल्वा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी न्यू ऑर्लिन्सला जातात आणि तिथेच त्यांचा अंत होतो. शिकागोत कापडाची डिझाइन्स करणारी त्यांची विधवा मुलगी लॉरेल त्यांना घेऊन गावी येते. घर आता त्यांच्या दुसऱ्या बायकोचं, फेचं. ही फे लॉरेलपेक्षाही लहान. आमच्या वाचनगटात यावरून अशी जुंपली की विचारू नका. परीक्षण नको, वाचताना तुमचं काय झालं ते लिहा. शेवट फोडला तरी चालेल.

ठाणे
फे मला असह्य झाली. नवरा डोळ्यांना पट्टी बांधून निपचित पडलाय आणि हिला बाहेरचा मार्डी ग्रा, म्हणजे न्यू ऑर्लिन्सचा कार्निव्हल, बघायला मिळत नाही याचं दुःख! स्वतःच्या वाढदिवसाच्या रात्री तर ‘आता पुरे’ म्हणत ती त्याला धरून ओढायलाच जाते. माहेरचं कुणी उरलं नाही असं सांगितलेलं, आणि अंत्यविधीला टेक्सासहून अख्खं खटलं हजर. त्या मंडळींनी मात्र मजा आणली. त्यांच्यातले म्हातारेबाबा सोललेल्या पेकानचा (अक्रोडासारखा सुकामेवा) डबा घेऊन येतात, तसं आपल्याकडेही कुणीतरी येतंच.

कोल्हापूर
मी थेट शेवटाकडे जाते. लॉरेलच्या नवऱ्याने, फिलने, सासूला पाव करायला लाकडी पाट बनवून दिलेला असतो, घासूनपुसून गुळगुळीत केलेला. फिल महायुद्धात मारला गेला. निघायच्या सकाळी लॉरेलला तो पाट कपाटात सापडतो, काळवंडलेला आणि खाचा पडलेला, कारण फेने त्यावर हातोडीने अक्रोड फोडलेत. लॉरेल पाट उचलते, आता घालणार फेच्या डोक्यात! मी तर श्वास रोखून ‘घाल’ म्हणत होते.

कारण सांगते. बाबा गेल्यावर मी निबंधक कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्र करून दिलं. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी अंगठा टेकवला, कारण एकच: माहेर तुटायला नको. नंतर वहिनी म्हणाली, ताई, आईंचं काय हवं ते न्या. मी शिसवी पोळपाट मागितला. तो माळ्यावर निघाला, त्यावर ऑइलपेंटचे डबे ठेवलेले, डब्यांच्या बुडाची पांढरी वर्तुळं उमटलेली. काही न बोलता पिशवीत घातला. आजही त्यावरच पोळ्या लाटते, वर्तुळं खालच्या बाजूला करून.

लॉरेल मात्र पाट तिथेच ठेवून निघून जाते. इथे माझं तिच्याशी बिनसलं. सगळे म्हणतात, ती मोकळी झाली. अगं बाई, घर गेलं, आईची पत्रं तू स्वतःच जाळलीस, निदान पाट तरी न्यायचास!

पुणे
कोल्हापूरच्या ताई, पाट नेला असता तर शिकागोच्या स्वयंपाकघरात रोज फे आठवली असती. ठेवला तेच बरं.

नागपूर
पाटापेक्षा मला आईचं प्रकरण लागलं. लॉरेलची आई बेकी दृष्टी जाऊन अंथरुणाला खिळते. नवरा तिला तिच्या माहेरच्या डोंगरात, वेस्ट व्हर्जिनियात, नेण्याचं वचन देतो आणि ती त्याला खोटारडा म्हणते. तो खोटं बोलत नसतो हो, त्याला खरंच वाटत असतं की सगळं ठीक होईल. शीर्षकातला आशावादी तो हाच. आमच्या आईच्या केमोच्या काळात बाबा रोज म्हणायचे, ‘दिवाळीला तू चकल्या करणार बघ.’ एकदा आईने पाण्याचा पेला भिंतीवर फेकला. बाबांनी काचा गोळा केल्या आणि पुन्हा तेच वाक्य म्हणाले. तेव्हा मला आईचा राग आला होता. हे पुस्तक वाचल्यावर बाबांचा येतो. दोन्ही राग खरे आहेत, त्यांचं काय करायचं ते वेल्टी सांगत नाहीत.

अटलांटा
अमेरिकेच्या दक्षिणेत बरीच वर्षं राहून वाचलं, त्यामुळे माझी नजर मिसूरीवर होती. मॅकेल्वांच्या घरी राबणारी कृष्णवर्णीय बाई. तीही शोकात आहे, पण पुस्तक तिच्या घरी जात नाही. मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये जून १९६३ ला कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे मेडगर एव्हर्स यांची हत्या झाली, तेव्हा तिथेच राहणाऱ्या वेल्टींनी लगोलग खुन्याच्या तोंडून कथा लिहिली होती. म्हणजे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. म्हणूनच मिसूरी इतकी कडेला राहिलेली खटकते. बाकी भाषेला तोड नाही. घरात शिरलेला पक्षी लॉरेल दोन टोपल्यांत पकडून बाहेर सोडते, ती पानं मी मोठ्याने वाचली.

नाव नको
मी बिजवराला दिलेली. मी गेले तेव्हा सावत्र मुलगी कॉलेजात होती. दिवाणखान्यात पहिल्या बाईंचा हार घातलेला फोटो, आणि शेजारणी बसल्या की ‘त्यांच्या हातच्या पुरणपोळीची सर नाही’. माझ्या तोंडावर. कादंबरीत लॉरेल वाफ्यात तण काढत असते आणि चार म्हाताऱ्या बसून फेची सालं काढतात. लॉरेलच्या लग्नातल्या मैत्रिणी पंचेचाळिशीतही ‘करवल्या’ म्हणूनच मिरवतात. अशा गावात फेने वागायचं कसं? तिला कुणी सांगितलं होतं का, तो पाट कुणी कुणासाठी केला ते? तिला ती एक फळी दिसली, तिने अक्रोड फोडले.

फेने नवऱ्याला ओढलं ते वाईटच, त्या वागण्याची बाजू मी घेणार नाही. पण आमच्याकडे मीही पहिल्या बाईंची पितळी परात मोडीत घातली होती. चेपलेली होती, गळत होती. मुलगी वर्षभर बोलली नाही. त्या परातीत तिची आई तिला आंघोळ घालायची, हे मला तिच्या मावशीकडून कळलं. आधी कुणी बोललं असतं तर मी कल्हईवाल्याकडे नेली असती.