पगार 21,200 घेऊन ईएसआय सोडावं का?

सांवेररोडकर:
धाकटा भाऊ इंदूरला सांवेर रोडवर एका कारखान्यात आहे, पगार 19,400. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि पीएफ दोन्ही कापतात. मालक म्हणतो, 1 ऑक्टोबरपासून 21,200 देतो, ईएसआय बंद, त्याऐवजी 3 लाखांचा मेडिक्लेम. आई-वडील त्याच्यावरच अवलंबून आहेत. काय करावं?

पगारपत्रक:
माझ्या मते सोडू नये. आता त्याचा पाऊण टक्का, म्हणजे 146 रुपये जातात आणि मालक सव्वातीन टक्क्यांनी 631 भरतो. या वाढीतले 631 मालकाचे वाचलेलेच आहेत.

मेडिक्लेम इस्पितळाचं बिल देईल, बुडालेला पगार नाही. ईएसआयमध्ये आजारपणाच्या रजेत पगाराच्या 70 टक्के मिळतात, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. 19,400वर हे रोजचे साडेचारशेच्या आसपास होतात. कामावर अपघात झाला तर 90 टक्के, आणि त्याला किती दिवसांची वर्गणी भरली याची अट नाही. प्रेसवर, लेथवर काम करणाऱ्याला हेच सगळ्यात मोलाचं आहे. आई-वडिलांचं उत्पन्न महिना 9,000च्या आत असेल तर त्यांचाही इलाज होतो. मेडिक्लेममध्ये त्यांची नावं आहेत का, हे लेखी मागा.

आणि तारीख बघा. वर्गणीचा सहामाही काळ 1 ऑक्टोबरला सुरू होतो. 21,000च्या मर्यादेपलीकडे नेणारी ही वाढ नोव्हेंबरात दिली असती तर 31 मार्चपर्यंत ईएसआय चालूच ठेवावं लागलं असतं.

नंदानगरवाले:
वरचं बरोबर आहे, पण त्रासही सांगायला हवा. आधी ठरलेल्या दवाखान्यात जा, तिथून चिठ्ठी घ्या, मग मोठं इस्पितळ. रांगेत अर्धा दिवस जातो. तातडीची वेळ नसताना थेट खाजगीत भरती झालात तर बिल मंजूर होणं कठीण.

दुसरी अडचण 78 दिवसांची. सहा महिन्यांत तेवढ्या दिवसांची वर्गणी नसेल तर आजारपणाचे पैसे मिळत नाहीत. काही ठिकाणी हजेरी कमी दाखवतात आणि कामगाराला कळतं ते अर्ज फेटाळल्यावर. भावाने पोर्टलवर दर महिन्याचे दिवस तपासावेत. घरच्यांची नावं आणि आधार आजच जोडून घ्या, आजारपणात ते काम होत नाही.

लेखा_विभाग:
पीएफची काळजी नको, ईएसआय सुटलं तरी तो चालूच राहतो. मालकाच्या हिश्श्यातले 1,250 पेन्शनला जातात. 15,000 पगार धरून 20 वर्षांच्या नोकरीनंतर 58व्या वर्षी निवृत्त झाल्यास 2 वर्षं वाढवून धरतात, म्हणून पेन्शन 15,000 × 22 ÷ 70, म्हणजे सुमारे 4,714. महागाईबरोबर ते वाढत नाही, ही त्याची मोठी उणीव. तरीही नोकरी बदलताना 10सी फॉर्म भरून पेन्शनचे पैसे काढू नका, मागची वर्षं पुसली जातात. खातं ट्रान्सफर करा.

भावाने मालकाकडे 20,900 मागावेत. ईएसआयची पगारमर्यादा 21,000ची आहे आणि ती बघताना ओव्हरटाइम धरत नाहीत.

सांवेररोडकर:
20,900चं मालकाशी बोलतो. आई-वडिलांची नावं जोडलेली नाहीत, ते काम आधी.