अनुभव धागा: मुलांचं अँटिबायोटिक ड्राय सिरप घरी तयार करताना

पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईत घरोघरी पावडरची ती छोटी बाटली येते. ज्यांचं हे रोजचं काम आहे, त्यांनी नेमकं काय करायचं ते लिहावं.

केमिस्ट, नौपाडा
उघडण्याआधी बाटली तळहातावर आपटून पावडर मोकळी करा. गुठळी फुटत नसेल किंवा सील सैल असेल तर बाटली परत द्या. अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकबरोबर त्याच बाटलीत असणारं क्लॅव्युलॅनिक ॲसिड ओलीने लवकर खराब होतं, आणि आपली हवा दमटच. पाणी उकळून, झाकून, पूर्ण गार केलेलं हवं; कोमटसुद्धा नको. खोक्यात पाण्याची कुपी असेल तर तीच वापरा.

सगळं पाणी एकदम ओतलं की पावडर तळाला चिकटून बसते. आधी बाटलीवरच्या पाण्याच्या खुणेच्या बरंच खाली थांबा, टोपण लावून जोरात हलवा, फेस बसू द्या. पातळी उतरलेली दिसेल. मग खुणेपर्यंत पाणी घाला, पुन्हा हलवा. बाटली ओट्यावर ठेवून, खाली वाकून खूण बघा. पाणी खुणेच्या वर गेलं तर औषध फिकं झालं. अंदाजाने जास्त पाजू नका, नवी बाटली घ्या.

परिचारिका, बालरुग्ण विभाग, ऐरोली
प्रत्येक डोसआधी बाटली हलवाच. औषध तळाशी बसतं. न हलवता दिलं तर सुरुवातीचे डोस कमजोर आणि शेवटचे फार तीव्र जातात. घरातला चमचा मापाला कधीच वापरू नका, कुठल्यात ३ मिली मावतं तर कुठल्यात ७. ओरल सिरिंज (तोंडाने औषध द्यायची, बिनसुईची) घ्या, बाळाला बसतं धरा आणि गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. दुधाच्या बाटलीत मिसळू नका, दूध उरलं की डोसही उरतो. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक जेवणाच्या सुरुवातीला दिलं तर पोट कमी बिघडतं.

फार्मसीच्या प्राध्यापक, नेरूळ
सगळ्यात घातक चूक ताकदीची. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिकच्या एका बाटलीवर ५ मिलीमध्ये २२८.५ मिग्रॅ लिहिलेलं असतं, दुसरीवर ४५७. मिली तेवढेच दिले तरी डोस दुप्पट होतो. दुकानातच चिठ्ठी आणि लेबल शेजारी धरून आकडे जुळवा.

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक तयार झालं की फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत, सहसा ७ दिवस टिकतं. दाराच्या कप्प्यात नको, फ्रीजरमध्ये तर नकोच. पण सगळीच औषधं फ्रीजची नसतात: क्लॅरिथ्रोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक गारव्यात घट्ट होतं. लेबल वाचा, तयार केल्याची तारीख पेनाने लिहा. ३० मिलीची बाटली, ५ मिली दोनदा, म्हणजे ३ दिवस. पाच दिवसांचा कोर्स असेल तर दोन बाटल्या लागतात. दुसरी पहिली संपल्यावरच कालवा.

एक आई, कळवा
डोस दिल्यावर लगेच उलटी झाली तर?

बालरोगतज्ज्ञ, वाशी
ताई, किती मिनिटांनी झाली ते बघून डॉक्टरांना फोन करा, आपणहून पुन्हा देऊ नका. चुकलेला डोस भरून काढायला पुढचा दुप्पट नको. अंगावर पित्त उठलं तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना दाखवा. ओठ-चेहरा सुजला किंवा श्वासात घरघर आली तर थेट रुग्णालय गाठा, गाडी नसेल तर १०८. उरलेलं सिरप धाकट्याच्या सर्दीसाठी राखू नका. साधी सर्दी विषाणूची असते, तिथे हे औषध काहीच करत नाही.