मदत हवी आहे : शाळेची इमारत अर्धवट, कंत्राटदाराने काम सोडलं

नमस्कार. गोवंडीत राहते. मुलीच्या शाळेची जुनी इमारत पाडून खासगी भागीदारीतून नवी बांधणार होते. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब भरला आणि काम थांबलं. कंत्राटदाराकडे पैसेच उरले नाहीत म्हणे. दोन पावसाळे सळया उघड्यावर गंजताहेत. मुलं दुपार पाळीला हायवे ओलांडून दुसऱ्या शाळेत जातात, जीव टांगणीला लागतो.

माहिती अधिकारात अर्ज करतेय, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. नेमकं काय मागू? करारनामा, बँक गॅरंटीची (कंत्राटदाराने काम बुडवलं तर पैसे देण्याची बँकेची हमी) रक्कम आणि मुदत, एवढं सुचलं. गॅरंटीची मुदत टळली की वसुली अवघड, म्हणून घाई आहे. कंत्राटदार बुडाला तर काम कोणी पुढे न्यायचं, हे करारात कुठल्या कलमात असतं?

आणि या सांगाड्याची तपासणी? स्कॉटलंडमधल्या एडिंबरात २०१६ साली अशाच भागीदारीतल्या एका शाळेची भिंत कोसळली, मग बांधकामातले दोष सापडून १७ शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या तर पूर्ण झालेल्या इमारती होत्या! व्हीजेटीआयसारख्या (मुंबईतलं इंजिनिअरिंग कॉलेज) संस्थेकडून बांधकामाच्या मजबुतीचं ऑडिट करा, अशी मागणी पालक लेखी करू शकतात का?

वकील, सिव्हिल इंजिनिअर कोणी असाल तर कृपया सांगा. शनिवारी पालकांची बैठक आहे, त्याआधी मसुदा हवाय.