मदत हवी आहे: बाबांचा आजार आणि मुलांच्या मनातली भीती

नमस्कार. माझ्या नवऱ्याला हंटिंग्टन आहे, म्हणजे हालचालींवरचा ताबा, विचार आणि मन यांवर हळूहळू परिणाम करणारा मेंदूचा आनुवंशिक आजार. मुलगी सोळाची, मुलगा तेराचा. सदोष जनुक मिळण्याची शक्यता दोघांनाही ५० टक्के, आणि प्रत्येकाची स्वतंत्र. एकाला आला म्हणून दुसरा सुटला असं नसतं. मुलाला मात्र नेमकं तसंच वाटत होतं, हे मला परवा योगायोगाने कळलं. मग आणखी काय काय मनात साठलं असेल?

मुलगी तर हातातून पेला निसटला तरी गप्प होऊन माझ्याकडे बघते. मी "काही नाही गं" म्हणून विषय बदलते. चुकतंय, कळतं मला. लक्षणं नसताना जनुकीय चाचणी १८ वर्षांआधी सहसा करत नाहीत आणि ते मला पटतंही. पण तोवर?

मुलांना नेमकी कशाची भीती वाटते, हे तुम्ही कसं जाणून घेतलंत? थेट विचारलंत, लिहायला सांगितलंत, की समुपदेशकाकडे एकेकट्याला पाठवलंत? वडिलांसमोर बोलावं का? ज्यांचं स्वतःचं बालपण अशा घरात गेलंय त्यांनी तर जरूर लिहा: तेव्हा तुम्हाला कुणी काय विचारायला हवं होतं?