शब्दचर्चा : चिनी 'दाचांग'ला मराठीत काय म्हणावे?

चीनमधल्या इंटरनेट धंद्यावरचा एक लेख मराठीत आणतोय. त्यात टेन्सेंट, अलीबाबा, बाइटडान्स या सगळ्यांना सरसकट 'दाचांग' म्हटलंय. दा म्हणजे मोठा, चांग म्हणजे कारखाना. मी 'बलाढ्य कंपन्या' लिहून मोकळा झालो होतो. पण पुढे 'पोरगी दाचांगमध्ये लागली' असं वाक्य आलं आणि अडलो. तिथे 'बलाढ्य' अगदीच अग्रलेखी वाटतं. काय सुचवाल?

कारखानाच राहू द्या
नाहीतर खोच जाते. धुराडं नाही, भोंगा नाही, आणि म्हणे कारखाना! टेन्सेंटचं चित्र पेंग्विनचं, आणि पेंग्विनच्या चिनी नावात 'हंस' दडलाय, म्हणून ती 'हंस कारखाना'. नेटईज ही इंटरनेट कंपनी 'डुक्कर कारखाना', कारण २००९ मध्ये तिने खरोखरच वराहपालनात उतरायचं जाहीर केलं. आता 'बलाढ्य डुक्कर कंपनी' लिहून बघा.

उच्चार 'ताछांग'
रोमन अक्षरांवर (dachang) जाऊ नका. त्यांचा डी म्हणजे आपला त, आणि सीएच म्हणजे छ. गंमत म्हणजे बाइटडान्सच्या चिनी नावाचा पहिला वर्ण रोमनमध्ये झेडने लिहितात, तो जवळजवळ आपल्या चाकूतला च आहे. हिंदीवाल्यांना हा च लिहून दाखवणं अवघड, आपल्याला फुकट मिळालाय.

तैवानचं वेगळं
लेख चीनपुरताच आहे ना? तैवानच्या बातम्यांत हाच शब्द चिप बनवणाऱ्यांना लावतात, म्हणजे खराखुरा कारखाना. 'इंटरनेट'लाही दोघांचे शब्द निराळे. चीनमध्ये 'हूल्यानवांग', म्हणजे एकमेकांना जोडलेलं जाळं. तैवानमध्ये 'वांगची वांगलू'. त्यातल्या 'ची'चा अर्थ 'आंतर', म्हणजे आपलं आंतरजाल तैवानच्या बाजूला झुकतं.

गिरणी?
'मोठ्या गिरणीत लागली' कसं वाटतं? माणसांची भरती आणि पाळ्यांचा वास, दोन्ही येतात. १९९७ च्या पहिल्या अधिकृत पाहणीत चीनमध्ये इंटरनेट वापरणारे ६ लाख २० हजार होते, २०२३ अखेर १०९ कोटींवर गेले. एवढ्या गिऱ्हाइकांना पुरं पडायचं तर माणसं पिळली जाणारच. 'नऊ-नऊ-सहा' हा शब्दही तिथलाच : सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस. २०१९ मध्ये प्रोग्रॅमरांनी गिटहबवर (कोड ठेवायच्या संकेतस्थळावर) याविरुद्ध ओरड केली, ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. हे लोक स्वतःला 'मानोंग' म्हणवतात, शब्दशः कोडचे शेतकरी. मी 'कोडगडी' करीन.

गिरणी नको
गिरणी म्हटलं की मराठी वाचक थेट परळ-लालबागला पोचतो, संप आठवतो. चीनवरच्या लेखात ते ओझं कशाला? शिवाय कुणाला पिठाची गिरणी आठवेल ते वेगळंच. साधा 'बडा कारखाना', पहिल्यांदा अवतरणचिन्हांत.

(मूळ प्रश्नकर्ता) ठरलं
'बडा कारखाना' घेतो. 'कोडगडी' पण उचलला, आभार. आता शेवटची अडचण : कपातीत काढून टाकलेल्यांना तिथे 'पीये झाले' म्हणतात, म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडले.

सोपंय
नारळ दिला.