शंभर गुगल फॉर्म भरले म्हणजे संशोधन होतं का?

गोदाकाठ: परवा या चर्चेत टी.वाय.च्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) मुलांना सल्ला मिळाला: विषय ‘निर्यातबंदीचा कांदा उत्पादकांवर परिणाम’, शंभर गुगल फॉर्म, चार पाय चार्ट, झाला प्रकल्प! अहो, ‘बंदीने तोटा झाला का?’ याला निफाड तालुक्यात ‘नाही’ म्हणणारा शोधून दाखवा. त्यापेक्षा लासलगाव बाजार समितीचे रोजचे दर ॲगमार्कनेटवर, म्हणजे सरकारच्या बाजारभावांच्या संकेतस्थळावर, फुकट आहेत. बंदी लागू झाली ८ डिसेंबर २०२३ ला; त्याआधीचे आठ आठवडे, नंतरचे आठ, आणि सरासरीतला फरक. संपलं.

चाळीतला कांदा: संपलं कसलं? नोव्हेंबरात साठवलेला उन्हाळ (रब्बीचा) कांदा संपत येतो, डिसेंबरात लाल, म्हणजे खरिपाच्या नव्या कांद्याची आवक चढते. बंदी नसली तरी दर उतरतोच. तो उतारही बंदीच्या खात्यावर घालणार? आणि तुमचे ‘आधीचे’ आठवडे तरी कोरे कुठे आहेत? ऑगस्टपासून ४० टक्के निर्यातशुल्क होतं, २९ ऑक्टोबरपासून टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याहून स्वस्तात माल बाहेर पाठवता येत नव्हता.

गोदाकाठ: बरं. मग इतर वर्षांच्या त्याच आठवड्यांशी ताडून बघा.

चाळीतला कांदा: कोणत्या? २०१९ आणि २०२० च्या हिवाळ्यातही बंदी होतीच. २०१८ ला कांदा मातीमोल. उरली २०२१ आणि २०२२. दोन वर्षांवर कसली सरासरी काढता!

सर्वसाधारण दर: भांडा खुशाल, पण आकडा तरी धड घ्या. ॲगमार्कनेटच्या यादीतला ‘सर्वसाधारण’ दर म्हणजे सरासरी नव्हे, जास्तीत जास्त माल ज्या दराने गेला तो. समजा सोमवारी २०,००० क्विंटल १,८०० ने गेला, शनिवारी २,००० क्विंटल २,४०० ने. मुलं लिहितात २,१००. आवकेचा भार दिला, म्हणजे दर गुणिले क्विंटल करून एकूण क्विंटलने भागलं, की येतात १,८५५. एका आठवड्यात क्विंटलमागे २४५ रुपयांची चूक. लाल आणि उन्हाळच्या ओळी वेगळ्या असतात, त्या एकत्र करू नका. लिलाव बंद त्या दिवशी रकाना रिकामा ठेवा. शून्य भरलंत की दर कोसळलेला दिसतो, आणि बंदी जाहीर होताच लिलाव बंदच पडले होते.

चाळीतला कांदा: हा मुद्दा बिनतोड आहे, दुर्दैवाने.

पट्टी दाखवा: सगळे बाजारभावातच अडकलात. हमाली-तोलाई कापून हातात काय आलं ते ॲगमार्कनेट सांगत नाही. लाल कांदा टिकत नाही, त्यामुळे काढला की विकावाच लागतो. उन्हाळवाला चाळीत (कांदा साठवायच्या जागेत) माल ठेवून थांबू शकतो. हा फरक शेतकऱ्याला विचारल्याशिवाय कळणार नाही.

गोदाकाठ: म्हणजे पुन्हा फॉर्म! तेव्हाचा दर कुणाला आठवतो?

पट्टी दाखवा: आठवायला कोण सांगतंय? हिशोबपट्टी, म्हणजे विक्रीनंतर मिळालेली हिशोबाची पावती, मागा. चाळीस शेतकरी, प्रत्येकाच्या दोन पट्ट्या, एक नोव्हेंबरची आणि एक जानेवारीची. तारीख, वजन, दर, कपात चार रकान्यांत उतरवा. नाव-फोन उतरवू नका. चाळीस हवे असतील तर साठ जण गाठा, कारण निम्म्यांनी पट्टी फेकलेली असते.

सर्वसाधारण दर: साठातल्या निम्म्यांनी फेकली तर तीसच उरतात.

पट्टी दाखवा: मग ऐंशी गाठा, हिशोबनीस!

गोदाकाठ: पट्ट्या असतील तर मान्य. पण शीर्षकातला ‘परिणाम’ काढा आणि ‘दरातील बदल’ लिहा. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्याच शब्दावर येतो.