मदत हवी आहे: शंखांवरून दोन नरांचं भांडण

मंडळी, माझ्या तीन फुटी टाकीत लॅम्प्रोलोगस ओसेलॅटस आहेत, 2 नर आणि 3 माद्या. पाण्याचा पीएच 8.2, तापमान 26 अंश. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातला हा मासा गोगलगायीच्या रिकाम्या शंखात राहतो, मादी अंडीही त्यातच घालते. म्हणजे ज्याच्याकडे शंख, त्याच्याकडेच माद्या.

थोरल्या नराने जवळजवळ सगळे शंख ताब्यात घेतलेत. वापरात नसलेले तर त्याने वाळू उडवून चक्क पुरून टाकलेत! धाकटा शंखांकडे वळला की हा कल्ले फुगवून अंगावर धावतो. धाकट्याची शेपटी फाटली आहे. सध्या त्याला जाळीच्या पेटीत ठेवलंय.

भांडण हा यांचा स्वभावच आहे, मान्य. त्याच सरोवरातल्या कॅलिप्टेरस जातीचे नर दुसऱ्याच्या घरट्यातले शंख तोंडात धरून पळवतात. पण सरोवरात हरलेला दूर निघून जाऊ शकतो, टाकीत कुठे जाणार? जीव तुटतो बघून.

दोन्ही टोकांना शंखांचे वेगळे गट करून मध्ये दगडांची भिंत घातली, दोघं एकमेकांना दिसले नाहीत, तर जमेल का? की एवढ्या टाकीत एकच नर ठेवावा? आपल्या भातखाचरातल्या गोगलगायींचे रिकामे शंख उकळून कोणी वापरलेत का? तोंड केवढं असलेलं चालतं?

ज्यांनी हे मासे स्वतः पाळलेत त्यांनी कृपया सांगा. टाकीच्या मांडणीचा फोटो टाकलात तर फारच उपकार होतील.